मुंजीचं आइस्क्रीम: ३०० पानांना किती लिटर?

सांगलीतलं एक कुटुंब. वैशाखातली मुंज, कार्यालय भाड्याचं, जेवण दुपारचं, केटररला ३०० पानं सांगितलेली. शेवटी आइस्क्रीम द्यायचं हे घरात सगळ्यांना मान्य, पण किती आणायचं यावर जितकी तोंडं तितकी मतं. इथली माणसं आणि आकडे अभ्यासासाठी रचले आहेत. पण अशी मुंज दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या कार्यालयात लागतेच, आणि हिशेबाची रीत कुठल्याही कार्याला लावून बघता येईल.

खरेदीचं खातं बटूच्या काकांकडे होतं. त्यांचा हिशेब सरळसोट होता: माणशी दोन स्कूप, म्हणजे ६०० स्कूप, एका स्कूपला ६० मिली धरले की ३६ लिटर. केटरर म्हणाला, "पानामागं शंभर मिली धरा की ओ, तीस लिटर होतंय. वर दोन-तीन लिटर असू दे." दुकानदाराने काहीही न विचारता ४ लिटरचे आठ बॉक्स, म्हणजे ३२ लिटर सांगितले. आणि आजींचं म्हणणं असं, की पानात आमरस आहे ना, मग आइस्क्रीम हवंय कुणाला? हवंच असेल तर पोरांपुरतं आणा.

घरात आजींचं बोलणं हसण्यावारी गेलं. मला ते या सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. बाकीच्यांनी फक्त डोकी मोजली. पानात आधी काय पडणार आहे, हा प्रश्न एकट्या आजींनी काढला. आमरस-पुरीवर दोन वाट्या ओढलेला पन्नाशीचा माणूस आइस्क्रीमच्या काउंटरकडे जातो तो बहुधा बायकोने 'घ्या थोडं' म्हटलं म्हणून.

पहिला प्रश्न

काकांची मुलगी पुण्यात एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. ती कार्याच्या आठवडाभर आधी आली आणि तिने पहिलंच विचारलं, "बाबा, उरलं तर काय करायचं?"

"उरतंय कशाला? आणि उरलं तर वाटू शेजारीपाजारी."

"अहो, मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, दहा लिटर आइस्क्रीम कुणाच्या फ्रीजमध्ये मावणार?"

या प्रकरणातलं माझं म्हणणं सगळं इथेच आहे. किती आणायचं हे माणसं मोजून ठरत नाही, उरलेल्याचं काय होणार यावर ठरतं. मसालेभात उरला तर रात्री घरचे खातात. जिलेबी उरली तर डबे भरून पाहुण्यांसोबत जाते. आइस्क्रीमला मात्र ती सोय नाही. एकदा वितळलं की ते परत गोठवता येतं, पण खाण्यासारखं राहत नाही. आत बर्फाचे मोठे खडे धरतात आणि त्यात कोंडलेली हवा निघून जाते. म्हणून जास्तीच्या बॉक्सचे पैसे थेट पाण्यात जातात. तो बॉक्स न फोडलेला आणि कडक गोठलेला परत घ्यायला दुकानदार तयार असेल, तर मात्र जास्त आणल्याचं नुकसान जवळपास शून्यावर येतं. मग पाच बॉक्स आणायचे का सात, यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. सात आणावेत.

उलट बाजूचं नुकसान रुपयांत मोजता येत नाही. 'त्यांच्या मुंजीत आइस्क्रीम पुरलं नाही' हे वाक्य सांगलीत पाच-सात वर्षं सहज टिकतं. म्हणजे कमी पडल्याची किंमत मोठी आणि उरल्याची किंमत परतीच्या अटीवर अवलंबून. काका लिटरांचा हिशेब करत होते तेव्हा दुकानदाराशी परतीचं बोलणं झालेलंच नव्हतं.

पत्रिकेवरची माणसं, काउंटरवरची माणसं

पत्रिका १४० वाटल्या होत्या आणि प्रत्येकीवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं होतं. या दोन शब्दांमुळे पानांचा आकडा हा कायम अंदाजच राहतो. गावातल्या गावात दिलेल्या पत्रिकेवर दोघं येतील का पाच, हे त्या दिवशी आणखी किती कार्यं आहेत यावर ठरतं. वैशाखात एका मुहूर्ताला तीन-तीन आमंत्रणं असतात. माणूस एका ठिकाणी अक्षता टाकतो, दुसरीकडे जेवतो आणि तिसरीकडे 'जेवण नको, नुसतं आइस्क्रीम घेतो' म्हणतो. हा तिसरा माणूस केटररच्या पानांत नसतो, आइस्क्रीमच्या हिशेबात मात्र असतो.

दुसरीही एक फौज कुणी धरत नाही. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, गुरुजी, फोटोवाला आणि त्याचा मदतनीस, कार्यालयाचा वॉचमन, बाहेरगावच्या गाड्यांचे ड्रायव्हर. मुलीने वहीत एकेक नाव लिहीत मोजलं तर तीस भरले. केटरर आपल्या माणसांचं जेवण धरतो, आइस्क्रीम धरत नाही. कारण ते त्याच्याकडचं नसतं.

मग तिने निमंत्रितांची यादी घेऊन आत्याला शेजारी बसवलं. आत्याला प्रत्येक घरात कोण कितव्या वर्षाचं आहे हे तोंडपाठ. ३०० जणांचे चार गट पडले: १४ वर्षांपर्यंतची मुलं ५०, त्यापुढे चाळिशीपर्यंतचे ९०, चाळीस ते पासष्टमधले ११० आणि त्यावरचे ५०. प्रत्येक गटामागे एक गुणक लावला. आमरस नसता तर मुलांना माणशी १.६ वाट्या, तरुणांना १.२, मधल्यांना ०.८ आणि ज्येष्ठांना ०.५. बेरीज ३०१ वाट्या. थोडक्यात माणशी एक. इतकी खटपट करून आकडा केटररच्या ठोकताळ्याजवळच आला म्हणून काका जरा खूश झाले.

पण आमरस होता. तो धरल्यावर मोठ्यांचे गुणक खाली आले: तरुण १, मधले ०.६, ज्येष्ठ ०.४. मुलांचा तसाच राहिला. ८० अधिक ९० अधिक ६६ अधिक २०, एकूण २५६. त्यात मोजले न जाणारे ३० मिळवले की २८६ वाट्या. हे गुणक कुठल्या पुस्तकात नाहीत. आत्या आणि मुलगी यांनी आधीची कार्यं आठवून ते बसवले. दुसऱ्या घरात, दुसऱ्या ऋतूत ते वेगळे येतील. संध्याकाळचं रिसेप्शन असेल, पानात दुसरं गोड नसेल, तर मधला गटही माणशी एकाच्या पुढे जातो. वरची बाजू धरताना ३४० माणसं आली तर काय, हे बघितलं. साधारण ३२० वाट्या लागतील, वर आग्रहाच्या वीस. म्हणून कमाल ३४० वाट्या.

मुलांचा गुणक का उतरला नाही, याचं कारण मुंजीच्या क्रमातच आहे. मातृभोजनाला अष्टवर्गाची मुलं सकाळी साडेनऊलाच जेवून मोकळी होतात. बारा वाजता त्यांना भूक नसते, आणि काउंटर कुठे लागतंय हे मात्र सर्वांत आधी त्यांनाच कळतं. मुहूर्तानंतर मोठी माणसं आहेर-नमस्कारात अडकलेली असताना ही टोळी काउंटरवर पहिली फेरी करून येते.

लिटर हे फसवं माप आहे

काकांनी स्कूपला ६० मिली धरले आणि लिटरमध्ये १६ स्कूप काढले. कागदावर ते बरोबर. पण आइस्क्रीममध्ये हवा घोटलेली असते, आणि स्कूपने खरवडताना ती दाबली जाऊन थोडी निघून जाते. डब्यात १००० मिली दिसणारं आइस्क्रीम वाटीत तितकं भरत नाही. त्यामुळे वजनावर जाणं बरं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमानुसार आइस्क्रीमच्या एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं, आणि त्यात दुधाचं स्निग्ध किमान १० टक्के. म्हणजे नियम पाळूनही कुणी ५३० ग्रॅमचा लिटर विकतो, कुणी कितीतरी घट्ट, जड लिटर विकतो. दोघांचा डबा सारखाच दिसतो. भाव लिटरवर बघून तुलना केली की फसगत होते, म्हणून झाकणावरचं निव्वळ वजन वाचावं.

तेव्हाच लेबलवर आणखी एक गोष्ट बघायची. दुधाच्या स्निग्धाऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर त्याला आइस्क्रीम म्हणून विकता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. मोठ्या ऑर्डरीत स्वस्त भाव मिळाला म्हणजे बहुधा हेच असतं. घ्यायला हरकत नाही, पण आपण काय घेतोय हे ठाऊक असावं.

मुलीने दुकानातून ठरलेल्या कंपनीचा १ लिटरचा एक पॅक घरी आणला आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. निव्वळ वजन ५४० ग्रॅम. कार्यालयात वापरायचाच स्कूप घेऊन तिने वाट्या भरल्या. स्कूप सपाट नाही, जरासा वर आलेला, वाढपी भरतात तसा. एका वाटीत ४५ ग्रॅम. सोळा नव्हे, बरोबर बारा वाट्या झाल्या. घरातल्या पोरांनी चाचणीचा माल लगेच संपवला.

आता हिशेब पक्का झाला. लिटरमागे १२ वाट्या, ४ लिटरच्या बॉक्समागे ४८. काकांच्या पद्धतीने माणशी दोन स्कूप खरोखर द्यायचे झाले असते, तर ३६ नव्हे ५० लिटर लागले असते. म्हणजे काकांच्या हिशेबात दोन चुका होत्या. एकीने गरज फुगवली होती आणि दुसरीने बॉक्समधला माल. दोन्ही एकमेकींना झाकत होत्या, म्हणून ३६ हा आकडा वरवर वाजवी दिसत होता.

कप आणि बॉक्स

सगळं आइस्क्रीम बॉक्समधून देण्यात एक अडचण होती, वेळेची. कडक गोठलेल्या बॉक्समधून एक वाटी भरायला पंधरा सेकंद तरी जातात. दोन माणसं भरायला बसवली तर मिनिटाला आठ वाट्या. आणि पंगत होती ११० पानांची. पंगत उठली की हात धुऊन दहा मिनिटांत शंभर माणसं काउंटरपुढे उभी. मिनिटाला दहा लागणार, मिळणार आठ. माल भरपूर असूनही माणसं कंटाळून निघून जातात किंवा रेटारेटी करतात, आणि दोन्ही वेळा बोभाटा 'आइस्क्रीम पुरलं नाही' असाच होतो.

कोल्हापूरच्या मामांनी मध्येच सुचवलं की आमच्याकडचं कॉकटेल ठेवू, पाहुणे नाव काढतील. कोल्हापुरी कॉकटेल छानच लागतं, पण एका ग्लासात फळं, जेली, सुकामेवा, वर आइस्क्रीम असे चार-पाच हात लागतात. ३०० माणसांना ते उभ्या उभ्या द्यायचं तर चार काउंटर हवेत. मामांना नाही म्हणायची जबाबदारी आजींनी घेतली, कारण त्यांच्यापुढे मामा बोलत नाहीत. आत्याला घरचा पॉट लावायची हौस होती. हाताने फिरवायचा, बाहेर बर्फ आणि खडे मीठ. तो पंचवीस-तीस माणसांच्या कोजागिरीला शोभतो. मुंजीला त्यातलं बर्फ-मीठ तेवढं उपयोगी पडलं, ते पुढे येईल.

शेवटी ठरलं ते असं: मुलांसाठी तयार सीलबंद कप, मोठ्यांसाठी बॉक्स. मुलांच्या ८० वाट्या कपांतून जातील, बाकी २०६ म्हणजे २१० बॉक्समधून. कप दुकानात २४ च्या खोक्यात मिळत होते, पाच खोकी घेतली, १२० कप. बॉक्स पाच, २४० वाट्यांचे. शिवाय एक बॉक्स राखीव. सहा बॉक्स मिळून २४ लिटर. सगळं मिळून ४०८ वाट्यांची सोय, कमाल गरज ३४०. परत करता येणार असेल तर हे जास्त नाही.

फ्लेव्हर दोनच, व्हॅनिला आणि बटरस्कॉच. यावर घरात बराच आवाज झाला. केशर-पिस्ता नाही, मँगो नाही, हे कार्य म्हणायचं का? मँगो तर आमरसापुढे कुणी घेतलंच नसतं. पण दोनांवर थांबण्याचं खरं कारण शिल्लक हे होतं. एकूण किती जाईल याचा अंदाज बरा येतो, त्यातलं कुठलं किती जाईल याचा येत नाही. चार फ्लेव्हर ठेवले की चारही बाजूंनी थोडं थोडं जास्त धरावं लागतं. शेवटी चार बॉक्स अर्धवट फोडलेले राहतात, आणि फोडलेला बॉक्स कुणी परत घेत नाही.

गारवा कुठून आणायचा

कार्यालयात एक डीप फ्रीझर होता. बघायला गेल्यावर कळलं की कार्याच्या दिवशी त्यात पाण्याच्या बाटल्या गार करायची प्रथा आहे. अर्ध्या लिटरच्या दोनशे बाटल्या म्हणजे शंभर लिटर पाणी. ते ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर सुमारे साडेबारा हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत ३७ किलो बर्फ वितळतो. आपल्याकडे सगळं मिळून आइस्क्रीम होतं वीस किलोच्या आत. अशा फ्रीझरमध्ये आइस्क्रीम ठेवलं तर बाटल्या धड गार होणार नाहीत आणि आइस्क्रीमची खीरच होईल. बाटल्यांसाठी बर्फाच्या लाद्या आणि टब सांगितला. ते स्वस्त पडतं आणि पाणी लवकर गार होतं.

मग मुलीने दुकानदाराशी परतीचं बोलणं काढलं. तिने काकांना बोलायला लावलं, कारण दुकानदार त्यांच्या ओळखीचा.

"शेठ, न फोडलेले बॉक्स परत घ्याल ना?"

"घेतो की. पण तुमच्या फ्रीझरमधून आलेले नाही घेणार. मला काय कळणार आत काय झालंय?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. साठवणीला आइस्क्रीम उणे १८ अंशांखाली राहावं लागतं. मध्ये तासभर ढिलं पडून परत गोठलेला बॉक्स बाहेरून ओळखू येत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाच्या तोंडात ओळखू येतो. तोडगा असा निघाला की दुकानदाराचाच फ्रीझर आदल्या संध्याकाळी टेम्पोने कार्यालयात न्यायचा, रात्रभर चालू ठेवायचा, माल त्यात त्यानेच भरायचा. टेम्पोचं भाडं यजमानांचं. सीलपट्टी शाबूत असेल तो बॉक्स आणि न फोडलेलं कपांचं खोकं परत. या बोलण्यानंतर 'किती आणायचं' या वादातली सगळी धग निघून गेली. माझ्या मते लिटरांच्या सगळ्या हिशेबापेक्षा हे पाच मिनिटांचं बोलणं जास्त मोलाचं होतं.

एक बारीक गोष्ट तिने तपासली, ती बहुतेक जण विसरतात. कार्यालयात जनरेटर होता, पण तो दिवे, पंखे आणि माइकपुरता. फ्रीझरचा प्लग त्या लाइनवर नव्हता. इलेक्ट्रिशियनकडून मंडपाच्या बाजूचा एक पॉइंट शोधून फ्रीझर तिथे लावला. फ्रीझरवर मोठ्या अक्षरांत 'बाटल्या ठेवू नयेत' असा कागदही चिकटवला.

कुणीतरी ड्राय आइसची सूचना केली होती. ती टाळली हे बरंच. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा असतो, उघड्या हाताला लागला तर भाजल्यासारखी जखम होते, आणि बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठतो. पन्नास मुलं हिंडत असलेल्या कार्यालयात हे दुखणं विकत घेण्यासारखं.

फोडलेल्या बॉक्ससाठी मात्र आत्याच्या पॉटची युक्ती वापरली. फ्रीझरमधून काढलेल्या बॉक्समध्ये स्कूप शिरत नाही. आणि तो ३८ अंशांच्या हवेत नुसता ठेवला तर कडेचं पातळ होतं, मध्ये दगड राहतो. वाढायला आइस्क्रीम उणे १२ ते १४ अंशांच्या आसपास बरं. बर्फाच्या चुऱ्यात वजनाने तिसरा हिस्सा खडे मीठ घातलं तर ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात, झाकण सारखं उघडत असताना, ते याहून बरंच वर राहतं, आणि वाढण्यापुरतं आपल्याला तेच हवं. थर्माकोलच्या पेटीत बर्फ-मीठ, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बॉक्स. खारं पाणी आत शिरू नये एवढी काळजी घेतली की झालं. पेट्या दोन केल्या, फ्लेव्हरप्रमाणे.

मुंजीच्या दिवशी

मुहूर्त पावणेअकराचा. पहिल्या पंगतीच्या गर्दीसाठी वाढप्यांनी साडेअकराला साठ वाट्या भरून, ट्रेमध्ये लावून परत फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. ही युक्ती चांगली चालली. पंगत उठली तेव्हा पहिले साठ जण तीन-चार मिनिटांत मोकळे झाले आणि रांग लागली ती पुढच्यांचीच.

गडबड कपांची झाली. कप मुलांसाठी होते हे घरच्यांना माहीत, पाहुण्यांना कोण सांगणार? कप हातात येतो, रांगेत उभं राहावं लागत नाही, सांडत नाही. त्यामुळे ज्यांना निघायची घाई होती ते मोठे लोक, विशेषतः मिरजेहून रेल्वेने जाणारे, सरळ कप उचलून चालू लागले. दोघी-तिघींनी घरी राहिलेल्या नातवंडांसाठी पर्समध्येही टाकले. मे महिन्याच्या दुपारी पर्समध्ये! दुसरी पंगत बसता बसता कप संपत आले, आणि मुलांना बॉक्सकडे वळवावं लागलं.

अखेरीस केटररने २८५ पानं मोजली. कप ११८ गेले, दोन पायदळी आले. बॉक्स साडेतीन लागले, म्हणजे १६८ वाट्या. एकूण २८६. अंदाजही २८६ चाच होता.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो, आणि काकांनी त्या वाजवल्याही. पण बारकाईने बघितलं तर बेरीज जुळली, वाटणी जुळली नाही. कपांचा अंदाज ८० होता, गेले ११८. बॉक्सचा २१० होता, गेल्या १६८. एकीकडची चूक दुसरीकडच्या चुकीने भरून निघाली. शिवाय तिसऱ्या पंगतीला आमरस संपत आला होता, केटररने तो निम्म्या वाटीने वाढला. त्या पंगतीतल्या माणसांनी भरपाई आइस्क्रीमवर केली. पानं १५ कमी पडली आणि वाट्या तेवढ्याच राहिल्या, त्याचं कारण हेच असावं. म्हणून हे गुणक सिद्ध झाले असं मी म्हणणार नाही. एका कार्यात जुळलेला आकडा पुढच्या कार्यासाठी पुरावा ठरत नाही. पण गट पाडून विचार केल्यामुळे कुठे चुकलं ते तरी कळलं. नुसतं 'माणशी शंभर मिली' धरलं असतं तर चूक कुठली, हेही समजलं नसतं.

पुढच्या वेळी कप वाढवावेत का? मला तसं वाटत नाही. कप वाढवले तर तेही मोठेच नेतील. कप फ्रीझरमध्ये ठेवून एका घरच्या माणसाने मुलांच्या हातात द्यावेत आणि काउंटरवर मांडू नयेत. भरलेल्या वाट्यांचे ट्रे मात्र प्रत्येक पंगतीआधी हवेत. या वेळी ते फक्त पहिलीपुरते केले होते.

मोजले न जाणारे तीस जण तीनच्या सुमाराला जेवले. त्यांच्यासाठी मुलीने दोन डझन कप बाजूला ठेवायला सांगितले होते, पण गर्दीत कुणी तरी तेही बाहेर काढले. मग चौथ्या बॉक्समधलं त्यांना वाढलं. तेही साडेतीन बॉक्सच्या हिशेबात आलेलं आहे. भांडी घासणाऱ्या एका मावशीने व्हॅनिलावर तळाशी राहिलेला आमरस ओतून घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "असं खाऊन बघ की." मँगो फ्लेव्हर नको म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे बघायला हवं होतं.

बिल

पाचवा आणि सहावा बॉक्स परत जायचे होते. कपांचं न फोडलेलं खोकं एकही नव्हतं. संध्याकाळी भिक्षावळीच्या गडबडीत दुकानदाराचा माणूस टेम्पो घेऊन आला. पाचव्या बॉक्सची सीलपट्टी एका बाजूने उचकटलेली निघाली. आत आइस्क्रीमला हातही लागला नव्हता, कुणीतरी फ्लेव्हर कुठला ते बघायला झाकण उचललं होतं इतकंच. काकांनी त्याला झाकण उघडून दाखवलं, वर दुकानदाराला फोन लावला.

"शेठ, बघा की, जसाच्या तसा आहे."

"जसाच्या तसा असेल ओ, पण पट्टी गेली. ठरलंय ते ठरलंय."

सहावा परत गेला, पाचव्याचे पैसे लागले. पाचवा बॉक्स आणि चौथ्यातला अर्धा, असे सहा लिटर घरी आले. रात्री मुक्कामाच्या पाहुण्यांत आणि शेजारच्या दोन फ्रीजमध्ये ते कसेबसे बसले. मुलीने वहीत शेवटची नोंद केली: पुढच्या वेळी झाकणाच्या बाजूला फ्लेव्हरचं नाव मार्करने मोठं लिहायचं आणि राखीव बॉक्स फ्रीझरच्या तळाशी, उलटे ठेवायचे.